राज्यशास्त्राची पदवी कशी आखावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आधी न्यूटनचे नियम शिकावेच लागतात, मग पुढचं. राज्यशास्त्रात अशी शिडी जवळजवळ नसते. पहिल्या वर्षी परराष्ट्र धोरण, दुसऱ्या वर्षी ग्रीक विचारवंत, मध्येच प्रसारमाध्यमं आणि राजकारण, शेवटी पुन्हा कुठला तरी प्राथमिक पेपर: क्रम कसाही लावा, पास होता येतं. सोय म्हणून हे झकास आहे. पण शेवटी गुणपत्रिकेवर वीस-पंचवीस पेपरांची नावं दिसतात आणि 'तुला नक्की काय येतं?' या प्रश्नाला उत्तर सुचत नाही. खालच्या बहुतेक उत्तरांचा रोख या एका अडचणीकडे आहे.

राजकारणाची आवड आहे, रोज बातम्या बघतो. या विषयासाठी एवढं पुरेसं आहे का?

सुरुवातीला पुरेसं आहे, पण पहिल्या सेमिस्टरमध्येच अपेक्षाभंगाची तयारी ठेवा. अमुक सरकार पडलं हे बातमीतून कळतं. आघाडीची सरकारं काही देशांत पाच-पाच वर्षं टिकतात आणि काही देशांत वर्षभरात कोसळतात, ते का, हा राज्यशास्त्राचा प्रश्न. त्यासाठी एका सरकारची खडान्‌खडा माहिती उपयोगी पडत नाही, दहा सरकारं शेजारी शेजारी ठेवावी लागतात.

ढोबळमानाने विषयाच्या चार शाखा असतात. राजकीय सिद्धांत न्याय, स्वातंत्र्य, सत्ता यांचा विचार करतो. तुलनात्मक राजकारण वेगवेगळ्या देशांतल्या संस्था, पक्ष, निवडणुका, हुकूमशाह्या, क्रांत्या तपासतं. आंतरराष्ट्रीय संबंधांत युद्ध, तह, व्यापार, आंतरराष्ट्रीय संघटना येतात. चौथी शाखा म्हणजे त्या त्या देशाचं स्वतःचं शासन आणि राजकारण. यांच्या जोडीला लोकप्रशासन किंवा सार्वजनिक धोरण असतं आणि संशोधन पद्धती असतात. ज्याला बातम्यांतल्या कुरघोड्यांतच रस आहे त्याला सिद्धांताचे पेपर कंटाळवाणे वाटतील. तसं झालं तर बिचकू नका. बहुतेकांचं तसंच होतं, आणि पुष्कळांचं मत नंतर बदलतं.

सिलॅबस तर विद्यापीठाने ठरवलेला असतो. मग आखायचं काय?

जितकं वाटतं तितकं ठरलेलं नसतं. अनिवार्य पेपर असतात, पण वैकल्पिक पेपर, जोडविषय, लघुप्रबंध, इंटर्नशिप, भाषा हे सगळं तुमच्या हातात असतं. किती हातात, ते ठिकाणावर अवलंबून. इंग्लंडमध्ये पदवी साधारण तीन वर्षांची आणि पहिल्यापासून विषयाला बांधलेली. स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेत ती चार वर्षांची. अमेरिकेत साधारण १२० क्रेडिट लागतात, पण त्यातला मोठा भाग मुख्य विषयाबाहेरचा असतो. युरोपात १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर पदवीचं माप १८० ते २४० युरोपीय क्रेडिटांवर आलं. भारतात २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांनंतर बाहेर पडण्याची किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेण्याची वाट ठेवली.

तुमची पद्धत कुठलीही असो, पहिल्याच महिन्यात एका कागदावर सगळी सेमिस्टरं मांडा आणि शेवटून भरत या. शेवटच्या वर्षी लघुप्रबंध करायचा असेल तर त्याआधी संशोधन पद्धतीचा पेपर झालेला हवा. त्याच्याही आधी थोडं संख्याशास्त्र हवं. म्हणजे ते पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षात बसलं पाहिजे. एवढं भरलं की उरलेल्या रकान्यांत आवडीचं घाला. उलट्या क्रमाने, म्हणजे आधी आवडीचं घेऊन उरल्यासुरल्या जागेत पद्धती कोंबायला गेलात तर जागा उरत नाही.

पहिल्या वर्षी कोणते पेपर घ्यावेत?

चार शाखांतल्या किमान तिघींची तोंडओळख, आणि लिहायला भरपूर लावणारा एक तरी पेपर. तो दुसऱ्या विभागाचा असला तरी चालेल. इतिहासाचे पेपर यासाठी उत्तम. 'दहशतवाद', 'हेरगिरी' असली खेचून घेणारी नावं पहिल्या वर्षी टाळा. विषय वाईट नसतात, पण पाया नसताना घेतले की नुसत्या गोष्टी ऐकल्यासारखे होतात.

गणित कच्चं आहे म्हणून तर कला शाखेत आलो. संख्याशास्त्र टाळता येईल का?

टाळता येतं, बरेच जण टाळतातही, आणि हीच या पदवीतली सर्वात महागात पडणारी चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं उदाहरण घ्या. मुलगी म्हणून शाळेत त्यांना त्रिकोणमिती घेऊ दिली नव्हती. पुढे अर्थशास्त्राच्या पीएचडीची वाट गणित कमी पडल्यामुळे बंद झाली. त्यांनी राज्यशास्त्रात पीएचडी केली, १९६५ मध्ये. गावकरी कुरणं, जंगलं, पाणी हे सामायिक साठे स्वतः नियम करून कसे सांभाळतात यावर आयुष्यभर काम केलं आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचंच नोबेल मिळालं; ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. यावरून 'बघा, गणित लागत नाही' असा निष्कर्ष काढू नका. त्यांच्या कामात गेम थिअरी, म्हणजे एकाचा निर्णय दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असतो तेव्हा माणसं काय निवडतात याचं गणित, जागोजागी आहे. मागे राहिलेलं त्यांनी नंतर शिकून घेतलं.

शिवाय इथे लागणारं गणित फार अवघड नसतं. सरासरी, टक्केवारी, नमुना निवड, सहसंबंध, प्रतिगमन (एक गोष्ट बदलली की दुसरी किती बदलते याचा अंदाज), आणि 'हे योगायोगाने घडलं असण्याची शक्यता किती' एवढं नीट कळलं तरी निम्मं संशोधन वाचता येतं. सोबत 'आर' ही संगणकप्रणाली शिका, ती फुकट आहे. एक्सेलवर सुरुवात केली तरी बिघडत नाही.

पण आकडेमोडीचा राजकारणाशी एवढा संबंध काय? थोडं उलगडून सांगाल?

पाच जागा आणि एक लाख मतं आहेत असं समजा. 'अ' पक्षाला ४२ हजार, 'ब'ला ३१ हजार, 'क'ला १५ हजार आणि 'ड'ला १२ हजार मतं पडली. आता ही मतं जागांमध्ये बदलायची.

पाच एकसदस्यीय मतदारसंघ असतील आणि सगळीकडे मतांचं प्रमाण सारखंच असेल, तर प्रत्येक ठिकाणी 'अ' पहिला. पाचही जागा त्याच्या, म्हणजे ४२ टक्के मतांवर सगळं सभागृह.

प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, असेल तर सूत्र लावावं लागतं. बेल्जियमचे कायदेपंडित व्हिक्टर द'ओंट यांच्या पद्धतीत प्रत्येक पक्षाची मतं १, २, ३ ने भागत जायचं आणि सर्वात मोठे पाच भागाकार निवडायचे. इथे ते येतात ४२ हजार, ३१ हजार, २१ हजार, १५ हजार ५०० आणि १५ हजार. म्हणजे 'अ'ला दोन, 'ब'ला दोन, 'क'ला एक. 'ड' रिकाम्या हाताने घरी.

फ्रेंच गणितज्ञ सेंत-लाग्यू यांच्या पद्धतीत भाजक १, ३, ५ असे विषम असतात. मग मोठे पाच भागाकार होतात ४२ हजार, ३१ हजार, १५ हजार, १४ हजार आणि १२ हजार. 'अ'ला दोन, बाकी तिघांना एकेक. एकही मत इकडचं तिकडे झालं नाही, फक्त भाजक बदलले, आणि 'ब'ची एक जागा 'ड'कडे गेली. पहिल्या निकालात 'अ' एकटा राज्य करतो. दुसऱ्यात त्याला 'ब' किंवा 'क'शी जुळवून घ्यावं लागतं. तिसऱ्यात तो तिघांपैकी कुणालाही हाताशी धरू शकतो, पण बाकीचे तिघं एकत्र आले तर त्यालाच बाहेर बसवतात. कुठल्या देशात किती पक्ष जगतात आणि आघाड्या का होतात, याचा बराचसा उलगडा असल्या रुक्ष भागाकारांत असतो. ही आकडेमोड करताना मजा वाटली असेल तर तुलनात्मक राजकारण तुमच्यासाठी आहे.

जुने विचारवंत आज कशाला वाचायचे?

कारण त्यांनी हवेत लिहिलेलं नाही. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्सचा मुख्य ग्रंथ 'लेव्हायथन' १६५१ चा, म्हणजे इंग्लंडच्या यादवीत राजाचं मुंडकं उडाल्यानंतर दोनच वर्षांनी आलेला. राज्यसंस्था कोसळली की माणसं एकमेकांशी कशी वागतात, हा त्याचा प्रश्न त्या काळातून आलेला आहे आणि आज जिथे सरकार कोलमडलंय तिथे तो जसाच्या तसा लागू पडतो. इटलीतल्या मॅकियाव्हेलीने १५१३ मध्ये 'द प्रिन्स' हे आपलं छोटं पुस्तक लिहिलं ते स्वतःची नोकरी गेल्यावर, तुरुंगवास आणि छळ सोसल्यावर. हे माहीत असलं की मजकूर वेगळाच वाचला जातो.

यादी फक्त युरोपची असेल तर ती अपुरी आहे, हे शिक्षकांना मोकळेपणाने सांगा. चौदाव्या शतकातला इब्न खल्दून सत्तेचा उदय आणि ऱ्हास समूहाच्या एकजुटीशी जोडतो. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'ची पोथी तर शामशास्त्रींना १९०५ मध्ये म्हैसूरला सापडली आणि १९०९ मध्ये छापली गेली. म्हणजे राज्यशास्त्राच्या आधुनिक अभ्यासात हा ग्रंथ येऊन जेमतेम शतकच उलटलं आहे. आंबेडकरांचं १९३६ चं 'जातिनिर्मूलन' आता जगभरच्या वर्गांत वाचलं जातं. सल्ला एवढाच, की विचारवंतांवरची गाइडं वाचून काम भागवू नका. मूळ लेखनाची तीस पानं गाइडाच्या तीनशे पानांना भारी पडतात.

राज्यशास्त्र, आंतरराष्ट्रीय संबंध, लोकप्रशासन: कोणत्या नावाची पदवी घ्यावी?

सतराव्या-अठराव्या वर्षी नक्की ठरलेलं नसेल तर राज्यशास्त्र. ते सर्वात रुंद आहे आणि त्यातून बाकी दोन्हीकडे वळता येतं. आंतरराष्ट्रीय संबंध हा स्वतंत्र विषय म्हणून तुलनेने तरुण. त्याचं पहिलं अध्यासन पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला स्थापन झालं. लोकप्रशासन व्यवहाराच्या जवळचं आहे, त्यामुळे ते पदव्युत्तरला घेतलं तर जास्त मुरतं. पदवीच्या नावापेक्षा त्या विभागात कोण शिकवतं आणि कशावर काम करतं हे पाहा. विभागाच्या पानावर प्राध्यापकांचे विषय असतात, तेवढं पंधरा मिनिटं वाचलं तरी अंदाज येतो.

जोडविषय कोणता घ्यावा?

अर्थशास्त्र, इतिहास, संख्याशास्त्र, समाजशास्त्र, यांपैकी जो तुमच्या प्रश्नांना हत्यार पुरवेल तो. तत्त्वज्ञान, राजकारण आणि अर्थशास्त्र अशी तिहेरी पदवी ऑक्सफर्डमध्ये १९२० च्या दशकात सुरू झाली आणि तिची नक्कल अनेक विद्यापीठांनी केली. ती छान आहे, पण तीनही विषयांत उथळ राहण्याचा धोका खराच. कायद्याकडे जायचं असेल तर तत्त्वज्ञान घ्या. युक्तिवादातली भोकं शोधायची सवय दुसरीकडे इतकी चांगली लागत नाही.

परकी भाषा शिकायची गरज आहे का?

एखाद्या प्रदेशाचा अभ्यास करायचा असेल तर हो, आणि पहिल्याच वर्षी सुरुवात करा. लॅटिन अमेरिकेसाठी स्पॅनिश किंवा पोर्तुगीज, पश्चिम आशियासाठी अरबी किंवा फार्सी. दोन वर्षांत वर्तमानपत्र वाचण्याइतकी तयारी होते आणि तिथलं राजकारण इंग्रजी वृत्तसंस्थांच्या चष्म्यातून बघायची सक्ती संपते. प्रदेश ठरलेला नसेल तर भाषेच्या मागे लागू नका, तो वेळ संख्याशास्त्राला द्या.

वाचन डोंगराएवढं असतं. सगळं वाचायचं?

सगळं कुणीच वाचत नाही, शिकवणारेही नाही. संशोधनलेख कादंबरीसारखा पहिल्या ओळीपासून वाचायचा नसतो. आधी सारांश, मग प्रस्तावनेचा शेवट, कारण तिथे लेखक आपलं म्हणणं थेट मांडतो, मग निष्कर्ष, मग तक्ते. त्यानंतर ठरवा की मधली पानं वाचायची का. समासात तीन गोष्टी लिहा: हा लेखक कुणाशी भांडतोय, पुरावा कोणता देतोय, आणि कोणती गोष्ट समोर आली असती तर त्याचं म्हणणं खोटं ठरलं असतं. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर सापडत नसेल तर लेखात काहीतरी गडबड आहे.

लघुप्रबंधाचा विषय कसा निवडायचा?

'सोशल मीडिया आणि लोकशाही' हा विषय नाही, ते फार तर परिसंवादाचं शीर्षक झालं. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' येऊ शकेल आणि दोन्ही उत्तरं रंजक असतील. 'महिलांचं राजकारणातलं स्थान' यावर चाळीस पानं भरतील आणि हाती काही लागणार नाही. 'प्रमुखपद महिलेसाठी राखीव असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त काम होतं का?' हा मात्र प्रश्न आहे. २००४ मध्ये राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या ग्रामपंचायतींवर नेमका याच प्रकारचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणतं गाव राखीव होणार हे गावाच्या गुणावगुणांवर अवलंबून नव्हतं, त्यामुळे राखीव आणि बिनराखीव गावांची तुलना विश्वासाने करता आली. दोन्हीकडे पाण्याची कामं जास्त निघाली. रस्त्यांबाबत मात्र दोन राज्यांची उत्तरं उलट आली. या शेवटच्या तपशिलातूनच आणखी एखादा लघुप्रबंध निघू शकतो.

माहिती स्वतः गोळा करायलाच हवी असं नाही. गोथेनबर्गच्या व्ही-डेम प्रकल्पाचे लोकशाहीविषयीचे आकडे १७८९ पर्यंत मागे जातात, लोकांच्या मूल्यांची देशोदेशी पाहणी करणारा 'वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे' १९८१ पासून सुरू आहे, आणि दोन्ही मोफत उतरवून घेता येतात. फक्त व्याख्या वाचल्याशिवाय आकड्यांना हात लावू नका. दोन देशांतलं युद्ध मोजायला 'कोरिलेट्स ऑफ वॉर' प्रकल्प वर्षभरात लढाईतले किमान एक हजार मृत्यू धरतो. उप्साला विद्यापीठाची नोंदवही सशस्त्र संघर्षासाठी वर्षाला २५ मृत्यूंवर थांबते. 'जगात संघर्ष वाढले का?' याचं उत्तर कुठली वही उघडली यावर बदलू शकतं.

मी एका पक्षाचं काम करतो. अभ्यासात अडचण येईल का?

वेळेची येईल, ते तुम्हाला माहीतच आहे. दुसरी अडचण अशी की पक्षात आधी निष्कर्ष असतो आणि मग पुरावा शोधतात. वर्गात ती सवय लगेच उघडी पडते. एक उपाय हमखास चालतो: वर्षातून एक असाइनमेंट विरुद्ध बाजूने लिहा, आणि इतकी प्रामाणिकपणे की तिकडच्या कार्यकर्त्यालाही ती आपली वाटावी. बाकी, प्रचारात दारोदार फिरलेल्या विद्यार्थ्याला मतदाराबद्दल जे कळतं ते पुस्तकी विद्यार्थ्याला कळत नाही, हेही तितकंच खरं.

इंटर्नशिप कुठे करावी?

जिथे लिहायला किंवा आकडे हाताळायला देतील तिथे. नावाजलेल्या कार्यालयात दोन महिने फायली लावण्यापेक्षा लहानशा संस्थेत एक अहवाल पूर्ण करणं बरं. आमदार-खासदारांची कार्यालयं, स्थानिक स्वराज्य संस्था, धोरण अभ्यास संस्था, वृत्तपत्रं, मतचाचणी करणाऱ्या संस्था, असे पर्याय असतात. रुजू होण्याआधी विचारून घ्या: शेवटी माझ्या हातात दाखवण्यासारखं काय असेल?

नोकरी कोणती मिळते?

या पदवीला चिकटलेली एक ठरावीक नोकरी नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. प्रशासन, पत्रकारिता, कायदा, संशोधन, सामाजिक संस्था, कंपन्यांचे शासनसंपर्क विभाग, राजकीय जोखमीचं विश्लेषण, असं पसरलेलं क्षेत्र आहे. या सगळ्यांत दोन गोष्टींना मागणी असते: गुंतागुंतीचा प्रश्न दोन पानांत उलगडून सांगणं, आणि आकड्यांचा तक्ता बघून त्यातलं खरं-खोटं ओळखणं. लेखनाचे तीन-चार चांगले नमुने बाजूला काढून ठेवा. मुलाखतीत ते गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलतात.

नागरी सेवा परीक्षेसाठी ही पदवी घ्यावी का, असंही हमखास विचारतात. विषयाची मदत होते, पण फक्त परीक्षेसाठी घेतलीत तर तीन वर्षं गाइडं पाठ करण्यात जातील आणि परीक्षा हुकली की हाती काही राहणार नाही. पदवी पदवीसारखी करा.

एक सेमिस्टर परदेशी जाण्याची संधी आहे. जावं का?

जावं, पण कधी जायचं ते नीट बघा. दुसऱ्या वर्षाचा उत्तरार्ध किंवा चार वर्षांच्या पदवीत तिसरं वर्ष बरं पडतं. निघण्यापूर्वी तिथले कोणते पेपर इथे धरले जातील ते विभागाकडून लेखी घ्या, तोंडी होकारावर विमान पकडू नका.

शिफारसपत्र कुणाकडे मागायचं?

ज्यांनी तुमचं लेखन वाचलंय त्यांच्याकडे. मोठ्या पदावरच्या, पण तुमचं नाव आठवावं लागणाऱ्या प्राध्यापकांचं पत्र चार ओळींचं आणि कुणालाही लागू पडेल असं येतं. म्हणून दुसऱ्या वर्षापासून किमान दोन शिक्षकांकडे एकाहून जास्त पेपर घ्या, त्यांनी असाइनमेंटवर दिलेले शेरे घेऊन त्यांना भेटा, सुधारलेला मसुदा पुन्हा दाखवा. पत्र मागताना मुदतीच्या महिनाभर आधी मागा आणि सोबत तुमचा उत्तम निबंध, गुणपत्रिका आणि ज्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करताय त्याची माहिती द्या.